वस्तीतील हवा आणि आपला हक्क



आजच्या व्याख्यानासाठी मला जो विषय देण्यात आला आहे, तो वरकरणी पाहता धर्माचा नाही आणि राजकारणाचाही नाही. कारखान्यातून निघणारा विषारी वायू लोकवस्तीत शिरू लागला, तर त्या वस्तीतील माणसांनी काय करावे, एवढाच तो विषय आहे. परंतु ज्या समाजाला पिढ्यान्पिढ्या गावकुसाबाहेर राहावे लागले, आणि ज्याने १९२७ साली महाडच्या तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह केला, त्या समाजाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. कोणी कोठे राहावे हे पूर्वी रूढी ठरवीत असे. आज ते जमिनीचा भाव ठरवितो. आणि कारखान्याच्या भिंतीलगतची जमीन स्वस्त असते, म्हणून तेथे कोण येऊन राहते हे मी आपणांस सांगावयास नको.

ह्या प्रश्नावर मोघम बोलण्यात अर्थ नाही. म्हणून मुंबईतील माहूल ह्या एकाच ठिकाणाची हकिकत मी आपणांपुढे सविस्तर मांडणार आहे. तिच्यात सरकार आहे, महापालिका आहे, न्यायालये आहेत, बलाढ्य कंपन्या आहेत, आणि दोन निरनिराळ्या प्रकारची गरीब माणसे आहेत.

चेंबूरच्या पलीकडे, खाडीच्या काठी, माहूल हे कोळ्यांचे जुने गाव आहे. त्याच्या शेजारी १९५४ व १९५५ साली दोन मोठे तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. एक स्टॅनव्हॅक कंपनीचा व दुसरा बर्मा-शेलचा. पुढे त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि आज ते हिंदुस्तान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम ह्या नावांनी ओळखले जातात. त्याच परिसरात वीजनिर्मिती केंद्र आले, खताचा कारखाना आला, आणि रसायने साठविण्याच्या मोठमोठ्या टाक्या उभ्या राहिल्या. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. गाव आधीचे आहे, कारखाने नंतरचे. 'कारखाना असताना तुम्ही येथे राहावयास आलातच का?' हा प्रश्न माहूलच्या कोळ्यांस कोणीही विचारू शकत नाही.

तेलाच्या टाकीतून धूर निघत नाही, मग हवा बिघडते कशी, अशी शंका कोणाच्या मनात येईल. बेंझीन, टोल्यूइन, झायलीन असे द्रव पदार्थ साध्या उन्हाच्या तापमानालाही वाफ होऊन उडतात. टाकी भरताना, रिकामी करताना, टँकरमध्ये माल चढविताना ही वाफ बाहेर पडते. ती डोळ्यांना दिसत नाही. धुराडे दिसते म्हणून आपण धुराड्याकडे बोट दाखवितो, आणि खरा अपराधी झाकण नीट न बसलेल्या टाकीत असतो. बेंझीनमुळे माणसाला रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, हे वैद्यकशास्त्राने निर्विवाद सिद्ध केले आहे. ही वाफ पकडून परत टाकीत आणण्याची यंत्रे उपलब्ध आहेत. ती बसविण्यास खर्च येतो, इतकेच. तो खर्च कारखान्याने केला नाही म्हणजे तो नाहीसा होत नाही. तो शेजारच्या वस्तीतील औषधाच्या बिलात निघतो.

२०१३ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने माहूल परिसरातील रहिवाशांची पाहणी केली. सुमारे ६७ टक्के लोकांनी आपणांस महिन्यातून तीनपेक्षा अधिक वेळा धाप लागते असे सांगितले. डोळ्यांची जळजळ व छातीत कोंडल्यासारखे होणे ह्या तक्रारी तर त्याहूनही अधिक होत्या. गावकऱ्यांनी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे येथील खंडपीठाकडे अर्ज केला, तेव्हा ह्या पाहणीचा त्यांना मोठा आधार मिळाला. १८ डिसेंबर २०१५ रोजी न्यायाधिकरणाने निकाल दिला. माहूल व आंबापाडा येथील रहिवाशांच्या आरोग्याला तेथील हवेमुळे स्पष्ट धोका आहे, असे त्यात नमूद झाले.

आता ह्यापुढील भाग लक्षपूर्वक ऐका. ज्या माहूलविषयी न्यायाधिकरणाने असे म्हटले, त्याच माहूलमध्ये ७२ इमारतींची एक मोठी वसाहत बांधून तयार होती. तीत २२५ चौरस फुटांची १७ हजारांहून अधिक घरे होती. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंचा १० मीटरचा पट्टा मोकळा करण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश होता. त्यानुसार महापालिकेने जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडल्या आणि तेथील कुटुंबांस माहूलची घरे दिली. निकाल लागून गेल्यानंतरही ही पाठवणी थांबली नाही. सरकारच्या एका हातात न्यायाधिकरणाचा निकाल, आणि दुसऱ्या हातात त्याच जागेच्या घराचे वाटपपत्र!

ह्यास पुनर्वसन म्हणावयाचे असेल, तर त्या शब्दाचा अर्थ आपणांस नव्याने शिकावा लागेल. कागदोपत्री ह्या लोकांना झोपडीऐवजी पक्के घर मिळाले होते. नळ होता, संडास होता, उद्वाहक होता. 'आणखी काय पाहिजे?' असा सूर पुष्कळांनी काढला. गरिबाने फुकट मिळालेल्या घराला नाव ठेवणे हा आपल्याकडे कृतघ्नपणा समजला जातो. परंतु ती माणसे उपकार मागत नव्हती. ८ ऑगस्ट २०१८ रोजी शेजारच्या भारत पेट्रोलियमच्या कारखान्यात स्फोट होऊन चाळीसहून अधिक माणसे जखमी झाली, तेव्हा त्या पक्क्या घरांच्या भिंतींचा उपयोग किती, हे सर्वांच्याच ध्यानात आले.

ऑक्टोबर २०१८ मध्ये ह्यांपैकी अनेक कुटुंबे माहूल सोडून विद्याविहारला आली आणि जेथून त्यांना हुसकावले होते त्याच परिसरात रस्त्याच्या कडेला ठिय्या देऊन बसली. एक वर्षाहून अधिक काळ हे आंदोलन चालले. त्यात स्त्रिया पुढे होत्या. पावसाळा त्यांनी पदपथावर काढला. दुसरीकडे उच्च न्यायालयात त्यांचा दावा चालू होता. कोणासही माहूलमध्ये राहण्याची सक्ती करता येणार नाही, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने घेतली. आणि सप्टेंबर २०१९ मध्ये असा आदेश दिला की, सरकारने ह्या कुटुंबांस अन्यत्र घरे द्यावीत, नाही तर महिना १५ हजार रुपये भाडे व ४५ हजार रुपये अनामत रक्कम द्यावी.

इकडे मूळ गावकऱ्यांचे प्रकरणही थांबले नव्हते. १३ ऑगस्ट २०२० रोजी हरित न्यायाधिकरणाने चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई बसविली. एजिस लॉजिस्टिक्सवर १४२ कोटी, हिंदुस्तान पेट्रोलियमवर ७६.५ कोटी, भारत पेट्रोलियमवर ६७.५ कोटी, आणि सी लॉर्ड कंटेनर्सवर २० लाख. आकडा मोठा आहे. पण तो ऐकून हुरळून जाऊ नका. भरपाईचा आकडा निकालपत्रात लिहिला जाणे आणि तिचा लाभ खोकणाऱ्या माणसाच्या दारापर्यंत पोहोचणे, ह्यांच्यामध्ये अपिलांचा लांब रस्ता असतो. वकील म्हणून तो रस्ता मी पुष्कळ वेळा चाललो आहे.

माहूलच्या रिकाम्या घरांचे पुढे काय झाले, हेही सांगून टाकतो. २०२५ साली महापालिकेने त्यांतील ९ हजारांहून अधिक घरे आपल्याच कर्मचाऱ्यांस प्रत्येकी १२ लाख ६० हजार रुपयांना विकण्याची योजना काढली. मुंबईत ह्या किमतीला खोली मिळत नाही. तरीही अर्ज इतके थोडे आले की मुदत वाढवावी लागली. झोपडीवाल्यांच्या तक्रारीवर ज्यांचा विश्वास बसत नव्हता, त्यांनी ह्या अर्जांच्या संख्येचा विचार करावा.

माहूलच्या लोकांना जे काही मिळाले ते कशाच्या बळावर मिळाले, हा मुद्दा आता मी घेतो. मोर्चे निघाले, ठिय्या झाला, ते आवश्यकच होते. परंतु न्यायाधीशासमोर मोर्चा उभा राहत नाही. तेथे कागद उभा राहतो. आपल्या वस्त्यांत आंदोलनाची परंपरा आहे, भाषणाची आहे, शाहिरीची आहे. नोंद ठेवण्याची मात्र नाही. मी हे कठोरपणे बोलतो, कारण ह्या एका उणिवेपायी हातची प्रकरणे जाताना मी पाहिली आहेत.

कायदा ह्या बाबतीत दुबळा नाही. पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा १९७४ सालचा, हवेचा १९८१ चा आणि पर्यावरण संरक्षणाचा १९८६ चा आहे. १९८० साली रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला, तो प्रत्येक वस्तीने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. उघडी गटारे आणि मद्यार्काच्या कारखान्याचे दुर्गंधीयुक्त सांडपाणी ह्यांनी तेथील रहिवासी त्रासले होते. नगरपालिका म्हणाली, आमच्याजवळ पैसा नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी ती सबब फेटाळली. हा खटला सुरू झाला होता तो दंडाधिकाऱ्यासमोर, सार्वजनिक उपद्रव दूर करण्याच्या कलमाखाली. फौजदारी प्रक्रिया संहितेचे ते १३३ वे कलम होते; १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १५२ वे कलम झाले आहे. म्हणजे साध्या नागरिकाला आपल्या जिल्ह्यातच, उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे जाण्याची वाट मोकळी आहे.

भोपाळची वायुगळती १९८४ च्या डिसेंबरातली. त्यानंतर एका वर्षाने दिल्लीत श्रीराम कंपनीच्या कारखान्यातून ओलियम वायू गळला. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, धोक्याचा उद्योग करणाऱ्याने 'मी काळजी घेतली होती' असे म्हणून सुटता येणार नाही. अपाय झाला की तो जबाबदार. पुढे १९९६ साली तामिळनाडूतील चर्मोद्योगांच्या प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. आपला उद्योग पर्यावरणास अपायकारक नाही हे सिद्ध करण्याचा भार उद्योगावरच राहील, असे त्याने सांगितले. ही तत्त्वे २०१० च्या हरित न्यायाधिकरण कायद्यात आली आहेत. उलट दिशेचा एक बदलही सांगितला पाहिजे. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने हवा कायद्यातील बऱ्याच अपराधांची कैदेची शिक्षा काढली गेली आणि तिच्या जागी १० हजारांपासून १५ लाखांपर्यंतचा दंड आला. लहान कारखानदाराला हा दंड जड वाटेल. मोठ्याच्या हिशेबवहीत तो खर्चाची एक ओळ होऊन बसेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुराव्याचा भार उद्योगावर आहे, मग आम्ही नोंदी कशासाठी ठेवाव्या, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर हवेच्या मोजमापात आहे. बेंझीनचे राष्ट्रीय मानक घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम असे आहे. पण ती वर्षाची सरासरी आहे. वर्षात ३६५ रात्री असतात. त्यांपैकी ३० रात्री टाकीतून भपकारा आला व बाकीच्या रात्री वारा समुद्राकडून वाहिला, तर सरासरी ठीक निघू शकते. आपल्या घरातील लहान मूल मात्र सरासरी हवा घेत नाही. ते त्या त्या रात्रीची हवा घेते. यंत्राच्या सरासरीत बुडालेली ती रात्र वर काढण्याचे साधन एकच, आणि ते म्हणजे आपली वही.

त्या वहीत काय लिहावे? दिनांक आणि वार. वास किंवा त्रास किती वाजता सुरू झाला व किती वाजता थांबला. वारा कोणत्या बाजूने होता. ते कळत नसेल तर दोरीवरचे कपडे कोणीकडे उडत होते ते लिहा. घरात कोणास काय झाले. दवाखान्यात गेला असाल तर केसपेपर जपून ठेवा. केवळ वासावर विसंबू नका. काही वायूंना वासच नसतो. आणि हायड्रोजन सल्फाइडसारखा वायू फार वाढला म्हणजे माणसाचे नाकच बधिर करतो, तेव्हा वास गेला म्हणून संकट गेले असे समजणे घातक ठरेल. वकिलाकडे येऊन 'साहेब, फार वास येतो हो' असे म्हणणाऱ्या माणसाविषयी मला सहानुभूती वाटते. परंतु 'मंगळवारी रात्री अकरा ते दोन' असे लिहून आणणाऱ्या माणसाचा दावा मी लढवू शकतो. दहा घरांनी स्वतंत्रपणे लिहिलेल्या दहा वह्यांत तीच वेळ सापडली, तर उलटतपासणी करणाऱ्या वकिलाला घाम फुटतो. मात्र एकाची वही दुसऱ्याने उतरवून घेऊ नये, आणि तिखटमीठही लावू नये. आजीचा दमा वीस वर्षांचा जुना असेल तर तो जुना आहे असेच लिहा. एक खोटी नोंद सापडली की शंभर खऱ्या नोंदी तिच्याबरोबर बुडतात.

तक्रार लेखी करावी, ती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्याच्या नावे असावी, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये. प्रत्येक मोठ्या कारखान्यास मंडळाचे संमतीपत्र असते व त्यात अटी घातलेल्या असतात. त्याची प्रत माहितीच्या अधिकाराखाली मागता येते. अटी हाती आल्या म्हणजे भांडण सोपे होते, कारण मग 'धूर बंद करा' असे म्हणण्याऐवजी 'अमुक क्रमांकाची अट पाळली जात नाही' असे म्हणता येते. हे सर्व कागद एकाच पुढाऱ्याच्या पिशवीत ठेवू नका. पुढारी आजारी पडतो, गावी जातो, कधी पक्षही बदलतो. पिशवी त्याच्याबरोबर जाते. कागदांचे निदान तीन संच असावेत आणि त्यांतील एक संच महिला मंडळाकडे असावा.

आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे येतो. ज्या कारखान्याचा वायू आपल्या घरात येतो, त्याच कारखान्यात पुष्कळदा आपला मुलगा, आपला जावई कामास असतो. तो बहुधा कंत्राटी असतो. वस्तीने अर्ज केला की मुकादम त्याला बोलावून विचारतो, 'तुमच्या लोकांना कारखाना बंद पाडायचा आहे काय?' आणि मग वस्तीत फूट पडते. ही भीती खोटी नाही, आणि ज्या घरात एकच मिळवता हात आहे त्या घराला भित्रे म्हणण्याचा अधिकार मला नाही. म्हणूनच मागणी मोजूनमापून केली पाहिजे. माहूलच्या निकालांनी तेलशुद्धीकरण कारखाने बंद पाडले नाहीत. कंपन्यांवर भरपाई बसविली व वायू आवरण्याची जबाबदारी टाकली. आपणही प्रथम यंत्रणा बसविण्याची मागणी करावी, वायुमापनाचे आकडे वस्तीत फलकावर लावण्याची करावी, रहिवाशांच्या वैद्यकीय तपासणीची करावी. कारखाना बंद करण्याची मागणी अखेरची आहे. ती पहिल्याच अर्जात लिहिणारा माणूस मालकाचे काम सोपे करतो. आणि ह्या लढ्यात कामगारालाच सोबत घेणे शहाणपणाचे आहे, कारण जो वायू आपल्याकडे भिंत ओलांडून येतो तो त्याच्या नाकात भिंतीच्या आतच शिरलेला असतो.

वस्ती हलविण्याचा प्रस्ताव आला तर घाईने होकार देऊ नका. धोका कायम ठेवून माणसे तेवढी उचलणे हा सर्वांत स्वस्त उपाय असतो, म्हणून तो सर्वांत आधी सुचविला जातो. कोठे नेणार, तेथील हवा कोणी तपासली, शाळा व रोजगार किती अंतरावर, ह्यांची लेखी उत्तरे आधी घ्यावीत.

मुदतीविषयी बोलून मी थांबणार आहे, कारण बहुतेक लोक येथेच चुकतात. हरित न्यायाधिकरणाकडे वाद नेण्यासाठी, वादाचे कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे. नुकसानभरपाईच्या अर्जासाठी पाच वर्षांची. उशिरास सबळ कारण असेल तर दोन्हींत ६० दिवसांची सवलत मिळू शकते, त्याहून अधिक नाही. भरपाई मागितली नसेल तर अर्जाचे शुल्क १,००० रुपये आहे आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेही माफ आहे. वकील देण्याची ऐपत नसेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जातीजमातींच्या व्यक्तींना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळतो. नुकतीच दीक्षा घेतलेल्या काही कुटुंबांचा असा समज आहे की, बौद्ध झाल्यावर हा हक्क गेला. तो समज चुकीचा आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या व्यक्तींचा त्या सूचीत समावेश झालेला आहे. जातीचे प्रमाणपत्र जवळ ठेवा, आणि जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते, तेथे वही घेऊन जा.